तिसऱ्या हॅचवरची खडूची रेघ

हे मी कोणालेच सांगतलं नाई. बायकोले नाई, मायले नाई, ज्या दोस्तासंगं आदिलाबादच्या बसस्टँडमागं चहा पेत बसतो त्यालेबी नाई. तुमी मले ओळखत नाई, म्हणूनच तुमाले सांगून राह्यलो. अन् आधीच सांगतो — मले रडायचं नाई. रडका आवाज काढला की लोक पाठीवर हात ठेवतात. तो हात तुमी तुमच्यापाशीच ठेवा.

आमचं गाव बाजारहत्नूरच्या पलीकडं, शिवेवरचं. घरी मराठी, शाळेत तेलुगू, अन् पटवाऱ्यापाशी गेलं की अर्धे शब्द उर्दू. माह्या बापानं मरेपर्यंत समुद्र पाह्यला नाई. अशा गावातला मी जहाजावर अधिकारी झालो, म्हणून गणपतीत पहिली आरती माह्या हातची, शाळेत झेंड्याले पाहुणा मीच. हेडमास्तर पोरांले सांगतात, यांच्यासारखं व्हा. मी खाली मान घालून बसतो, अन् लोकांले वाटते, काय नम्र माणूस आहे. नम्र? कायचा नम्र बापा. मान वर केली तर तोंडावरून समजन, म्हणून खाली.

कसं सांगू — आधी भांडण समजून घ्या. एका माणसाचा ट्रक आहे. जिनिंगवाला तो भाड्यानं घेते, कापूस भरते, वाटेत कापूस भिजते. दोष कोणाचा? ट्रकवाला म्हणते ताडपत्री चांगली होती, जिनिंगवाला म्हणते फाटकी होती. जहाजाचंबी असंच आहे. मालक एक, भाड्यानं घेणारा दुसरा, मधात जाडजूड करार. भांडण झालं तर कोर्टात जात नाईत. तीन पंच नेमतात, लवाद म्हणतात त्याले, अन् बंद दाराआड निकाल लागते. पेपरात येत नाई. कोण काय बोललं ते बाह्यर जात नाई. माह्यं सारं त्याच दारामागं लपून राह्यलं.

त्या सफरीत मी चीफ ऑफिसर होतो, म्हणजे कॅप्टनच्या खालचा. माल भरणं, माल भरायच्या कोठ्यांची — त्यांले आमी हॅच म्हणतो — झाकणं पाणी धरतात का ते पाहणं, सारं माह्यावर. माह्या हाताखाली बोसन होता भिकाजी. बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम. कोकणातला, पन्नाशी उलटलेला, इंग्रजी जेमतेम. पूर्ण जहाजावर मराठी बोलणारे आमी दोघंच. माह्यं मले-तुले ऐकून तो हसायचा. "साहेब, तुमची मराठी लांबून आलेली दिसते, पण गोड आहे हो." मी त्याले भाऊ म्हणायचो. मायच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीची आठवण आली की त्याच्यापाशीच बोलायचो. म्हणजे पाहा, तो कोणी परका नव्हता.

मका भरायचा होता. भरायच्या आधी झाकणांची खडूनं तपासणी करतात. झाकण जिथं टेकते त्या लोखंडी पट्टीवर खडू घासायचा, झाकण लावायचं, पुन्हा उघडायचं. झाकणाच्या रबरावर खडूची सलग रेघ उमटली तर ठीक. मधात तुटली तर तिथून पाणी आत जाणार. तिसऱ्या हॅचवर भिकाजीनं मले बोलावलं. रबरावर वीतभर जागा कोरी होती. त्यानं तिथं बोट ठेवलं अन् म्हणाला, "साहेब, रबर बदलू या. अर्धा दिवस द्या मला."

अर्धा दिवस मी देल्ला नाई. तासाभरात तपासणीवाला येणार होता, अन् जहाज नापास झालं असतं तर धक्क्यावरचा नंबर गेला असता, मंग कंपनीनं इचारलं असतं की चीफ ऑफिसर काय करून राह्यला होता. मले कॅप्टन व्हायची घाई होती. मी म्हटलं, माल भरला की वरून टेप मारा. अन् तपासणीच्या कागदावर लिहिलं, सारी झाकणं घट्ट. खाली सही. कोणी लिहायले लावलं होतं? कोणीच नाई. कॅप्टन खाली जेवून राह्यला होता.

पुढं समुद्र खवळला, टेप निघून गेली, तिसऱ्या हॅचमधला मका भिजून आंबला. भाड्यानं घेणाऱ्या कंपनीनं दावा ठोकला.

मालकाचा वकील मोठा सभ्य माणूस. त्यानं मले खोटं बोलायले सांगतलं नाई, हे मी मुद्दाम सांगून राह्यलो. त्यानं फक्त करार समजावला. निघायच्या आधीच झाकण खराब होतं अन् जहाजावर ते ठाऊक होतं, तर मालक हरते. पण निघाल्यावर जहाजाच्या देखभालीत एखाद्या खलाशाच्या हातून चूक झाली, तर मालक सुटते. एवढं सांगून तो म्हणाला, नीट आठवून पाहा, घाई नाही. मले आठवायले दोन दिवस लागले. मंग मले आठवलं की भिकाजीनं भर समुद्रात तिसऱ्या हॅचचे क्लीट — झाकण दाबून धरणारे लोखंडी चिमटे — ग्रीस लावायले ढिले केलते अन् परत कसलेच नाई. केलते का त्यानं ढिले? नाई. वादळाच्या आधी त्यानं एकेक क्लीट दोनदा आवळला होता. मी वरून पाहत होतो.

तुमाले वाटलं असन, हेच ते. नाई, थांबा जरा.

साक्षीच्या आधी भिकाजीचा मले फोन आला. समोरच्या वकिलाच्या ऑफिसातून कोणीतरी त्याले गाठलं होतं, खडूच्या तपासणीचं इचारून राह्यले होते. काय सांगायचं हे त्यानं कोणाले इचारावं? मले. "साहेब, खरं सांगितलं तर तुम्हांला त्रास नाय ना व्हायचा?" मी म्हटलं, भाऊ, यात पडू नोका, ते इंग्रजीत फिरवून तुमालेच अडकवतील. तो म्हणाला, बरं झालं विचारलं. त्यानं त्या लोकांचा फोन उचलणं बंद केलं.

साक्ष व्हिडिओवर झाली. मी सुट्टीवर होतो. आदिलाबादेत मेव्हण्याच्या बियाण्याच्या दुकानावरची खोली घेतली, भर दुपारची वेळ. मधल्या पंचानं सांगतलं, कॅमेरा चारी बाजूंनी फिरवा, खोलीत दुसरं कोणी नाही हे दाखवा. मी फिरवला. बियाण्यांची पाकिटं, कॅलेंडर, लावलेलं दार. गीतेवर हात ठेवला. गीता मेव्हण्याच्या घरून आलती, धुतलेल्या फडक्यात बांधून. समोरचा वकील दोन तास खोदत राह्यला. बोसनला का आणलं नाही, त्यानं इचारलं. मी म्हटलं, तो बोलायले तयार नाई, अपराधी वाटत असन त्याले. हे वाक्य मी घरून ठरवून आणलं नव्हतं. तिथंच सुचलं. चांगलं सुचलं, नाई का?

मालक जिंकला. पुढं मी कॅप्टन झालो. कॅप्टनची चौथी पट्टी अजून खांद्यावर आहे, अन् ती मी काढणार नाई. मी काही साधू नाई. तुमी म्हणाल, एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या भांडणात लहान माणूस काय करणार. म्हणू नोका. त्या झाकणापाशी आमी दोघं उभे होतो, अन् दोघांत मोठा मी होतो. पोटासाठी केलं असंबी म्हणू नोका. घरी वावर आहे, मी काही उपाशी मरत नव्हतो.

कंपनीच्या कागदात भिकाजीच्या नावापुढं शेरा पडला, पुन्हा घेऊ नये. काऊन, ते त्याले कोणी सांगतलं नाई. लवादाचे कागद त्याले कोण दाखवणार? तो मुंबईले एजंटांच्या ऑफिसात खेटे घालत राह्यला. तीस वर्षं मोठ्या जहाजावर काढलेला माणूस गावात दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढायले लागला. मधून मधून मले फोन करायचा. साहेब, एक शब्द टाका. मी म्हणायचो, टाकतो. एकदाबी टाकला नाई.

यंदा कापूस वेचणं चालू होतं तवा मी गावी होतो. वावराच्या बांधावर उभा होतो, अन् त्याचा फोन आला. या वेळी त्यानं काम मांगितलं नाई. कोण्या एजंटाच्या कारकुनानं त्याले सांगून टाकलं होतं, की तुझ्या चुकीनं माल भिजला असं वर लिहून आहे. "साहेब, तुम्ही होतात तिथं," तो म्हणाला. "माझं नेमकं काय चुकलं? मला तर कायच आठवत नाय."

तवा सांगता आलं असतं. बाया दूरच्या ओळीत कापूस वेचून राह्यल्या होत्या, जवळ कोणी नव्हतं. पंच नाई, वकील नाई, कॅप्टनकी मिळून गेलती. खरं बोललो असतो तर माह्यं काय जात होतं? मी म्हटलं, भाऊ, तुमी क्लीटले ग्रीस लावलं अन् कसायचं विसरले. होते असं या वयात.

तो हळू आवाजात म्हणाला, "असेल साहेब. तुम्ही कशाला खोटं सांगाल." अन् तो रडायले लागला. माझ्यापायी तुम्हांला एवढा ताप झाला, म्हणाला, मला माफ करा.

मी त्याले माफ केलं.