दत्तारामने मारलेला ठोका

दत्ताराम हल्ली दहिसरला सायकली दुरुस्त करतो. तो समोरून आला की मी रस्ता बदलतो. तो माणूस मला कधीच आवडला नाही.

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या खाली बसणारे स्टीलचे पाटे बनायचे. गाडी खड्ड्यात आपटली की तो दणका हे पाटे झेलतात. भट्टीवर आम्ही नऊ जण. तयार पाटा साखळीला टांगायचा आणि दत्तारामने त्यावर हातोडी मारायची. खणखणला तर पास, बद्द वाजला तर आत चीर. त्या ठोक्याशिवाय एकही पाटा बाहेर जायचा नाही. माझे कितीतरी पाटे त्याने सगळ्यांदेखत परत पाठवले. वर विचारायचा, "नंद्या, हात आसत काय वल्ही?" डोकंच फिरायचं माझं.

शहाऐंशी साली अनुपमा मॅडम, आमच्या नव्या इंजिनियर, फायबरचा पाटा घेऊन आल्या. काचेचे धागे चिकट रसायनात भिजवून थरावर थर दाबलेले. पाच स्टीलच्या पाट्यांचं काम हा एकटा करणार, आणि वजन म्हणाल तर बाईमाणसाने एका हाताने उचलावं. मॅनेजरने तोंडावर सांगितलं, ट्रायल पास झाली तर भट्टी बंद, फेल झाली तर फायबरचं नाव काढणार नाही. म्हणजे आम्हा नऊ जणांची वाट लागली. मॅडमनी एकच गोष्ट बजावली होती, याला ठोका लागू देऊ नका. बाहेरून काही दिसत नाही, पण आतले थर सुटतात.

गाडीला पाटा बसवायचं काम दत्तारामचं. ट्रायलच्या सकाळी त्याने तो साखळीला टांगला आणि वीस वर्षांच्या सवयीने हातोडी हाणली. बद्द आवाज आला. फायबर तो, खणखणणार कुठून? या शहाण्याला वाटलं, ठोका हलका पडला. म्हणून दुसरा जोरात हाणला. मग त्याला मॅडमचं बोलणं आठवलं आणि चेहरा उतरला.

शेडमध्ये आम्ही दोघंच. पाट्यावर साधा ओरखडा नव्हता. बाहेर गोराईचा धर्मा ड्रायव्हर थांबला होता. माल भरलेली गाडी त्याला घोडबंदरच्या उतारावरून पळवायची होती.

"बसव गुपचूप," मी म्हणालो. "तुटला तर भट्टी वाचते."

"आत धर्मा बसतलो."

"कुणाला कळणार आहे?"

त्याने पाटा खांद्यावर टाकला, सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि मीच ठोकलाय म्हणून सांगून मोकळा झाला.

आठवड्याने दुसरा पाटा आला. तो धर्माने पंधरा दिवस पळवला, काही झालं नाही त्याला. दिवाळीआधी भट्टी विझली. त्यात दत्तारामचीही नोकरी गेली, पण मला त्याचं काय?

मी बाकीच्या सातही जणांच्या घरी जाऊन सांगितलं, आपली भट्टी दत्तारामने घालवली. ते खरंच होतं. मी त्याला "बसव" म्हणालो, तेवढं सांगितलं नाही. त्याच्या पोरीच्या, सुलक्षणाच्या लग्नाला आमच्यातलं कुणी फिरकलं नाही. भर बाजारात लोकांनी त्याच्या तोंडावर शिव्या घातल्या, तेव्हा मी तिथेच उभा होतो. माझं नाव घेतलं असतं तर सुटला असता तो. हरामखोराने तेवढंही केलं नाही.