वारंगा फाट्यावरून परत

त्या दिवशी दुपारी लाईट आली, नळाला पाणी आलं, आणि मी माउसचं बटण दाबलं.

यातलं शेवटचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्या मागच्या पौषात गेल्या. तुम्ही त्यांना ओळखत नाही, मलाही ओळखत नाही. कदाचित म्हणूनच हात चालतो आहे.

त्यांना मी वहिनी म्हणायचो. माझे सहकारी राठोड सर, त्यांची बायको. कळमनुरीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. सर इतिहास शिकवायचे, मी मराठी. सर बंजाऱ्यांच्या तांड्यावर वाढलेले. तांड्यात आईला याडी म्हणतात. सरांच्या आईला आम्हीही याडीच म्हणत असू. त्यांच्या लग्नांत नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते — त्याला ढावलो म्हणतात. ते रडणं शिकावं लागतं. कुठे सूर चढवायचा, कुठे हुंदका घ्यायचा, बापाला काय म्हणायचं, भावाला काय. तांड्यातल्या कितीतरी पोरी ते याडींकडून शिकल्या आणि आपापल्या सासरी गेल्या. नव्वदच्या दशकात याडी थकल्या, तेव्हा सर सुट्टी लागली की टेपरेकॉर्डर घेऊन तांड्यावर जात आणि आईचा आवाज भरून आणत.

याडी गेल्या. पुढे कॅसेटींना बुरशी धरू लागली, म्हणून आम्ही दोघांनी तो आवाज कॉम्प्युटरवर चढवला. तेव्हा मी म्हणालो, आता कॅसेटींची अडगळ कशाला, सर? सरांनी त्या टाकून दिल्या. माझ्या शब्दावर.

माझ्या शब्दाला तेव्हा वजन होतं. आमच्या शाळेत कॉम्प्युटरचा कोर्स केलेला मी एकटाच. कुणाचंही मशीन बसलं की बोलावणं मला. मी काय करायचो? डबा उघडायचा, रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासायचे, पट्टी परत बसवायची. पुष्कळदा एवढ्यावर मशीन चालू व्हायचं आणि माणसं तोंडभर कौतुक करायची. नाही झालं तर सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायची. याच्या पलीकडे मला काही येत नव्हतं — आणि हे फक्त मला माहीत होतं. चार लोकांत तोंड न उघडणाऱ्या, पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या माणसाला अचानक गाव विचारायला लागलं की त्याला काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला? ‘मला येत नाही’ हे तीन शब्द तो विसरतो.

सरांचं मशीन निळा पडदा दाखवून सारखं बंद पडू लागलं. खोडरबर झालं. उपयोग नाही. मग सरांनी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली. मी याडींचा सगळा आवाज तिच्यावर घेतला आणि मशीन पुसून काढलं. डिस्कवर घेतलेलं वाजतं का, हे पुसायच्या आधी लावून बघावं — हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत होते, मी माझे तास आटोपून आवाज परत मशीनवर चढवायला त्यांच्या घरी. भारनियमन संपून लाईट आली. आमच्याकडे लाईट आणि नळ एकदम आले की गल्लीत पळापळ होते. पाणी निघून जायच्या आत प्रत्येकाला मोटर लावायची असते. सरांच्या घरात मोटर चालेल असा बोर्ड एकच. वहिनी धावत आल्या, बोर्डातली डिस्कची पिन काढली, मोटरची लावली. मी अजून मशीन चालूही केलं नव्हतं. टाकी भरल्यावर त्यांनी पिन स्वतः परत लावून दिली. “घ्या भाऊजी, तुमचं चालू द्या,” म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

मग मी मशीन चालू केलं. डिस्क दिसली. तिच्यावरचं उघडायला गेलो तर मशीन अडकलं — बाण हलेना, काही होईना. मी डिस्कची वायर तशीच उपसली आणि पुन्हा खोचली. पडद्यावर चौकट आली. ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करायची का?

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, हे मला कळत नव्हतं का? आदल्या दिवशी मी तेच तर केलं होतं. पण सर यायची वेळ झाली होती, आणि ते यायच्या आत पडद्यावर सगळं सुरळीत दिसायला हवं होतं. मी ‘हो’ म्हणालो. डिस्क उघडली. आत काही नव्हतं.

सर आले, त्यांनी रिकामी डिस्क बघितली. मी काय केलं असेल? खोटं बोललो नाही — पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो. मी फक्त एक प्रश्न विचारला. “वहिनी, मोटर लावताना या डिस्कची पिन तुम्ही काढली होती ना?”

“व्हय, काढली होती की. काहून?”

मी डिस्ककडे बघत राहिलो. सरांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींचा हात पदराशी गेला. तेवढ्यावर काम झालं.

इथेच थांबलो असतो तर त्याला घाबरटपणा म्हणता आलं असतं. पण पुढचं सांगायचं आहे — आणि त्याच्या भोवती मी इतका वेळ फिरतो आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

गेलेला डेटा परत काढून देणारं एक दुकान नांदेडला आहे, असं सरांना कुणीतरी सांगितलं. ते निघालेच होते. मी म्हणालो, तुम्हाला त्यांची भाषा कळायची नाही, मी जातो. सरांना केवढा आधार वाटला! वहिनींनी दशम्या बांधून दिल्या. “आणा बरं भाऊजी तेवढं काढून. लई उपकार होतील.”

मी बसमध्ये बसलो. पिशवी मांडीवर, पिशवीत डिस्क. दुकानदार ती जोडणार, आणि ही करंटने गेली नाही, कुणीतरी फॉरमॅट मारली, हे त्याला लगेच दिसणार. आवाज परत आला असता — आणि त्याच्याबरोबर मीही उघडा पडलो असतो. वारंगा फाट्यावर बस थांबली. मी उतरलो.

फाट्यावरच्या हॉटेलात बाकड्यावर बसून राहिलो. नांदेडच्या गाड्या येत होत्या, माणसं भरून जात होत्या. प्रत्येक गाडीला वाटे, हिच्यात चढावं. दुपार कलल्यावर रस्ता ओलांडला आणि कळमनुरीच्या बसमध्ये चढलो. घरी येऊन सांगितलं, करंट तुटल्यामुळे आतून जळली म्हणाले, काही निघणार नाही, डिस्क तिथेच टाकून आलो. डिस्क माझ्या पिशवीत होती. दोन दिवसांनी ती मी कयाधूच्या पुलावरून पाण्यात टाकली.

वहिनींचं आणि याडींचं कधी पटलं नव्हतं, हे सगळ्या तांड्याला माहीत होतं. मग तांडा काय म्हणणार? सरांच्या मुलीचं लग्न ठरलं, तिला ढावलो शिकवायला बायका जमल्या. जो आवाज ऐकवायचा तो नव्हता. सरांची बहीण मोठ्याने म्हणाली, “सासू मेली तरी तिचा आवाज हिला खपला न्हाई. आता लेकीला काय शिकवती, मोटरची घरघर?” बायका हसल्या. वहिनी आत पुऱ्या तळत होत्या. लग्नाच्या दिवशी निघताना लेक गळ्यात पडून रडली तेव्हाही त्यांच्या तोंडून सूर निघाला नाही. नुसत्या थापटत राहिल्या तिला.

त्या दिवशी मला ताट वाढताना त्यांनी हळूच विचारलं, “भाऊजी, खरंच त्या एका पिनीनं झालं का हो एवढं?”

सांगायची वेळ हीच नव्हती का? मांडव भरलेला, सगळे समोर. मी म्हणालो, “होतं असं, वहिनी. मशीन आहे शेवटी.”

“तुमी म्हणता म्हंजे बराबरच असंल,” त्या म्हणाल्या आणि आणखी एक पुरी वाढली.

त्यानंतर इतकी वर्षं भिंतीपलीकडून त्यांचा आवाज रोज यायचा. मोटर लावण्याआधी त्या हाक मारायच्या — “भाऊजी, तुमचं काही चालू न्हाई ना? पिन काढू का?” आमचं घर वेगळं, आमची लाईट वेगळी. तरी विचारायच्या. मी इकडून म्हणायचो, काढा. घर बदलायचं कितीदा मनात आलं. बायकोला कारण काय सांगणार? सणाला त्यांच्याकडून ताट यायचं आणि मी ते खायचो.

मागच्या पौषात त्या गेल्या. सरांची बहीण तांड्यावरून आली, खूप रडली, आणि उठता उठता म्हणाली, “जाऊ दे, मी माफ केलं तिला.” सर म्हणाले, “मी तर तिला त्यावरून एका शब्दानं कधी बोललो न्हाई.” माझ्याकडे बघून म्हणाले — साक्षीदार म्हणून. मी मान हलवली.

सर आता त्या घरात एकटे असतात. तांड्यावरच्या पोरींना ढावलो येत नाही, आणि तो का येत नाही असं कुणी विचारलं की वहिनींचं नाव सांगतात. त्या स्वतःही तसंच समजून गेल्या.