पदूबायचा शेवटचा धवला

पदूबाय गेली हे सांगायला रंजनाचा फोन आला तेव्हा मी पेणच्या बाजारात पोह्याचे पापड घेत उभा होतो. "आई सुटली," एवढंच ती म्हणाली. खोटं कशाला बोलू, मलाही आधी सुटल्यासारखंच वाटलं. सात-आठ महिने ती अंथरुणाला खिळलेली, शेवटी तर चमचाभर पेजही घशाखाली उतरत नव्हती... तिची सुटका झाली, बरं झालं, असं वाटणं समजण्यासारखं आहे. पण त्या वाटण्यात माझीही एक सुटका मिसळलेली होती. एका गोष्टीचा जाब मला विचारू शकेल असं एकच माणूस जगात होतं आणि ते आता गेलं, असा विचार मनात आला, आणि पापडवालीसमोर उभ्या उभ्या मला माझीच लाज वाटली. आज पाच आठवडे झाले. ती गोष्ट लिहूनच टाकतो.

पदूबाय खाडीकडच्या गावातली धवलारीण. आगरी लग्नात भटजीइतकाच, कधी कधी त्याच्याहून जास्त मान धवलारणीचा. हळदीपासून प्रत्येक विधीला ती धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, म्हणते, देवांना बोलावते, गेलेल्या माणसांना बोलावते आणि नवरा-नवरीची नावं घालून दोघांना जोडते. पदूबायनं आमच्या तालुक्यातली किती लग्नं लावली असतील, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. मी मूळचा रोह्याचा. तिथल्या कंपनीत शिफ्टची चांगली नोकरी होती, ती सोडून अठ्ठ्याण्णव साली पेणला रामवाडीत एक खोली घेतली, भिंतींना गाद्या ठोकल्या आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायचा धंदा सुरू केला. आई म्हणाली, सुखाचा जीव दुःखात घातलास. पहिले सहा महिने तिचंच खरं होतं. शेजारी गणपतीचा कारखाना, त्यांचा रंगाचा कंप्रेसर सुरू झाला की माझं काम बंद, आणि हायवेवरच्या ट्रकांना तर दिवसरात्र काही धरबंधच नव्हता.

त्या दिवाळीनंतर पदूबाय मुलीला घेऊन माझ्याकडे आली. घशात गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी संक्रांतीनंतर ऑपरेशन ठरवलं होतं आणि स्पष्ट सांगितलं होतं की बोलणं कदाचित परत येईल, गाणं विसरा. रंजनाचं लग्न ठरलेलं होतं, चैत्रात. हजारभर पोरींना हळद लावली आणि स्वतःच्या पोरीला दुसरीच कोणी धवला म्हणणार, हे काही तिला गिळवेना. "गाठ काढायच्या आधी माझा आवाज काढून ठेव," ती मला म्हणाली. एवढंच तिचं मागणं होतं.

आता अडचण अशी की तिला सलग चारपाच ओळींपलीकडे दम टिकत नव्हता. मग ठसका लागायचा. मी म्हटलं, मावशी, काळजी करू नका, तुम्ही तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणा, मी प्रत्येक वेळचा टेक वेगळा साठवतो आणि मागाहून चांगले चांगले तुकडे निवडून एक सलग गाणं करतो. तिला ते पटेना. पडद्यावर एकाखाली एक सात-आठ पट्ट्या दाखवल्या, ही तुमची पहिली वेळ, ही दुसरी, हा ठसका, हा इथून कापला. ती पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, दोरीवर बोंबील वाळत घातल्यासारखं दिसतंय रे हे, यातला माझा कुठला? आणि मग हसता हसता तिला पुन्हा ठसका लागला. आणखी एक हट्ट होता. समोर नवरी नसेल तर धवला म्हणायचा कुणाला? म्हणून रंजनाला दर खेपेला समोर स्टुलावर बसवावं लागायचं. पोरगी बारावी झालेली, धवला शीक म्हणून आईनं कितीदा सांगितलं तरी कधी एक ओळ न म्हटलेली, आणि आता तीच ओळ वीस-वीस वेळा कंटाळत ऐकत बसलेली.

मार्गशीर्षात पदूबाय एकटीच आली. नवऱ्या मुलाच्या घरी गाठीची बातमी पोचली होती आणि त्यांनी, असलं दुखणं घराण्यात नको, म्हणून लग्न मोडलं होतं. मी चहा मागवला. तिनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली, पण प्यायली नाही. पंधरा-वीस दिवसांनी दुसरं स्थळ आलं, सगळं माहीत असूनही आलं, चांगली माणसं होती. तेव्हा तिनं मला शांतपणे सांगितलं, "नरेशचं नाव पूस. आता हेमंत." नाव सात ठिकाणी येत होतं. त्या सातही ओळी तिनं रंजनाला समोर बसवून पुन्हा म्हटल्या. तोवर आवाज फार बसला होता, एका ओळीला सकाळ जायची. सातवी ओळ एकदाच नीट आली, आणि बरोबर हेमंत म्हणताना बाहेर ट्रकनं हॉर्न मारला. दुसऱ्या दिवशी तिला मुंबईला न्यायचं होतं. मी म्हटलं, मावशी, जा तुम्ही, मी बघतो.

ती हॉस्पिटलात असताना मी तुकडे जोडले. सहा नावं बदलली. सातव्या जागी हॉर्न काही केल्या जाईना, म्हणून ती अख्खी ओळच दिवाळीनंतरच्या, आवाज खणखणीत असतानाच्या एका टेकमधून उचलली. सांधा कुठे कळू नये, श्वास श्वासाला मिळावा, यासाठी मी ती दहा-बारा वेळा ऐकली. आमच्या धंद्यातली ही खोड आहे. कान सांध्यावर असतो, शब्दावर नसतो. सांधा इतका बेमालूम झाला की मी स्वतःवरच खूश होऊन कॅसेट भरली. घरी आल्यावर तिला एकदा ऐकवतो म्हटलं, तर गळ्याला पट्टी बांधलेली ती, तिनं नको म्हणून मान हलवली आणि अंगणाकडे बोट केलं. म्हणजे आता मांडवातच.

हळदीच्या दिवशी मांडवात मीच कॅसेट लावली. पदूबायचा आवाज निघाला आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ती स्वतः रंजनाजवळ पाटावर बसलेली, ओठ हलताहेत, आवाज नाही. नवऱ्याकडची हळद घेऊन हेमंतची आत्या चारपाच जणींसोबत आलेली होती. सहा वेळा हेमंतचं नाव आलं. सातव्या वेळी कर्ण्यातून स्वच्छ, खणखणीत आवाजात आलं ते नरेशचं.

मी कॅसेट बंद केली. हेमंतची आत्या हातातलं ताट खाली ठेवून उभी राहिली, आणि आता हे दुसऱ्यांदा मोडतंय, एवढंच मला कळत होतं. पदूबायनं माझ्याकडे पाहिलं. चूक कुणाची ते तिला बरोबर कळलं होतं. मग तिनं आत्याकडे वळून दोन्ही कान धरले, चुकले म्हणून. मी कॅसेटच्या बटणावर बोट ठेवून तसाच उभा... आणि तेवढ्यात हळदीनं माखलेली रंजना खाली बघत ती ओळ म्हणायला लागली. सूर कापरा होता, पण चाल आईचीच. हेमंतचं नाव तिनं लाजत, पण नीट घेतलं आणि थांबली नाही, पुढची ओळ धरली, त्याच्या पुढची धरली. बायकांनी तिच्यामागून सूर धरला. आत्या हळूहळू खाली बसली. "आई चुकली असंल," ती म्हणाली, "नवरी नाय चुकली." आणि तिनं हळदीत बोटं बुडवली.

लग्न लागलं. पण आत्याचं पहिलं वाक्यही गावात राहिलं. पदूबाय शेवटाला चुकली हो, पोटच्या पोरीच्या हळदीला चुकली, असं लोक वर्षानुवर्षं बोलत. माझ्यासमोर बोलत. मी हं म्हणत असे. दर गणपतीला मी तिच्या घरी जायचो, बसक्या, फाटक्या आवाजात ती माझी चौकशी करायची, मशीन कसं हाय, पोरं कशी हायत, आणि कधी एका शब्दानं तो विषय नाही. माझा धंदा चांगला चालला. अख्ख्या तालुक्याच्या भजनी मंडळांनी माझ्या खोलीत कॅसेटी केल्या, आणि मी भित्रट, ही सगळी वर्षं गप्प राहिलो.

बाराव्यानंतर भेटायला गेलो. रंजना ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. आता तीही धवलारीण आहे, खाडीपट्टीत तिला मान आहे. मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. हॉर्न, जुना टेक, सांधा, सगळं. तिनं सूप खाली ठेवलं नाही की वर पाहिलं नाही.

"मना माहीत हाय," ती म्हणाली. "मी समोरच बसलेले नं स्टुलावर. आईनं हेमंतच म्हटलेलं."

मग इतकी वर्षं गप्प का राहिलीस, मी विचारलं. तर लग्नानंतर ती रागानं सगळ्या गावाला सांगायला निघाली होती म्हणे. आईला तोवर थोडंथोडं बोलता येऊ लागलं होतं. आईनं तिला दारात अडवलं.

"म्हणाली, माझा आवाज गेलेलाच हाय गो. त्याचं दुकान आत्ता कुठं लागलंय, ते कशाला घालवतंस?"

मला ओटीवर बसून रडायला आलं, आणि रडून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की काय सांगू. रंजनानं आतून पाणी आणून दिलं. मी तिला विचारलं, हे लिहू का? लिवा, ती म्हणाली, आता आईला अडवता येत नाय.

म्हणून त्या मांडवात जे कोणी होते, आणि ज्यांनी त्यांच्याकडून ऐकलं, त्या सगळ्यांना सांगतो. पदूबाय चुकली नव्हती. तिनं हेमंतच म्हटलं होतं. चुकलो तो मी.