शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?

पद्मावती मगदूमला भांडता येत नव्हतं. राग आला की ती गप्प बसायची. शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकरी जैन घरात ती वाढली आणि विसाव्या वर्षी लग्न होऊन कोल्हापुरात आली. इथं सगळे मोठ्यानं बोलणारे. नवरा, श्रीपाल, तर समोर उभ्या गिऱ्हाइकाशीही रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. राजारामपुरीच्या एका गल्लीत, क्लासेसच्या गराड्यात, त्यांचं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान होतं. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर. मुलगी सोनल जयसिंगपूरला दिलेली, मुलगा अनेकांत पुण्यात नोकरीला.

बत्तीस वर्षांच्या संसारात दोघांचे अबोले बरेच झाले. सगळ्यात लांबला तो सतरा दिवस, अनेकांतच्या दहावीच्या वर्षी. कशावरून सुरू झाला ते नंतर कुणालाच आठवेना. संपला तो दिवस मात्र आठवत होता. कागद कापायच्या पात्याखाली श्रीपालांचं बोट आलं आणि पद्मावतीच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. "बोललीस की!" म्हणत त्यांनी रक्ताळलेल्या हातानं टाळी वाजवली होती.

शेवटचा अबोला गोळ्यांवरून झाला.

देवळाच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर होतं. तिथं श्रीपालांचं ब्लडप्रेशर एकशे सत्तरच्या वर निघालं. रोज एक गोळी सांगितली. दोन महिने त्यांनी ती घेतली. मग एका रविवारी जेवणाचा डबा घेऊन पद्मावती दुकानात गेली, टाचण्या शोधायला ड्रॉवर उघडला, तर कार्बन पेपरखाली गोळ्यांची चार पाकिटं तशीच.

"हे काय?" तिनं विचारलं.

"बंद केल्यात. मला काय होतंय? डोकं दुखत न्हाय, चक्कर येत न्हाय. आणि गोळी एकदा लागली की जन्माची लागते."

"डॉक्टरनी सांगितलंय तुम्हाला, काय होत नसलं तरी घ्यायची."

"डॉक्टरला दुकान चालवायचंय, मला माझं चालवायचंय. तू डबा ठेव आणि जा."

दोन पोरं झेरॉक्सला उभी होती. त्यांच्यासमोर "जा" म्हटलेलं तिला लागलं.

"आजपास्नं मी तुमच्या गोळ्यांचं नाव काढणार न्हाय," ती म्हणाली, "आणि तुमच्याशी बोलणारबी न्हाय."

सोमवार, मंगळवार, बुधवार तसेच गेले. श्रीपाल बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायला लागले. ताट वाढलं जायचं, जेवण व्हायचं, एकमेकांकडं कुणी बघायचं नाही. बुधवारी रात्री ते दुकान बंद करून वर आले तेव्हा ती आतल्या खोलीत दार लोटून पडली होती. चपला काढल्याचा आवाज तिनं ऐकला. बाहेर आली नाही.

गुरुवारी पहाटे तिला जाग आली तेव्हा नळ वाजत होता. साडेसहाला ती देवळाला निघाली. बाहेरच्या खोलीतून जाताना श्रीपाल दिवाणावर उजव्या कुशीला, भिंतीकडं तोंड करून पडलेले दिसले. एरवी यावेळी त्यांची आंघोळ झालेली असायची. मी जाईपर्यंत मुद्दाम पडून राहिलेत, असं तिला वाटलं. वाटून जरा बरंही वाटलं, कारण याचा अर्थ त्यांनाही अबोला टोचत होता. तिनं दार जरा जोरातच ओढून घेतलं.

सव्वासातला परत येऊन तिनं चहा केला आणि कप त्यांच्या उशाच्या स्टुलावर आपटून ठेवला. त्यांनी मान वळवली नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आठ वाजता भाऊसो वर आला. कोपऱ्यावरच्या स्टॉपवर त्याची रिक्षा असते. सकाळचा पहिला चहा तो श्रीपालांबरोबर घेतो.

"काकी, काका कुठं हाईत? शटर बंद, पोरं खोळंबल्यात की."

पद्मावतीनं नवऱ्याकडं न बघताच भिंतीला ऐकवलं, "खाली पोरं थांबल्यात म्हणं."

दिवाणावर काही हललं नाही. भाऊसोनं पुढं होऊन हाक मारली, मग खांद्याला धरून त्यांना उताणं केलं. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. उशी लाळेनं भिजली होती. उजवा हात अंगाखाली दबून निळसर झाला होता. डोळे मात्र उघडे होते, आणि ते तिच्याकडं बघत होते.

"वारं गेलं अंगावरनं," भाऊसो म्हणाला. "चला काकी, पिशवी घ्या. हितनं थेट मोठ्या दवाखान्यात."

त्यानं खालच्या क्लासमधल्या दोन माणसांना बोलावलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, साडीनं बांधून त्यांनी श्रीपालांना दोन मजले खाली आणलं. पावणेनऊला ते दवाखान्यात होते. भाऊसोनं पाच मिनिटंही वाया घालवली नव्हती.

मेंदूच्या डॉक्टर म्हणजे तिशी-पस्तिशीची एक मुलगी, क्रांती सरनाईक. तिनं श्रीपालांना हात उचलायला सांगितलं, जीभ दाखवायला सांगितलं, घाईनं डोक्याचा स्कॅन करवून घेतला, आणि नर्सला भराभर काही सांगत पद्मावतीकडं वळली.

"काकू, यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?"

"सकाळी. सहाला उठले होते ते. नळ ऐकला मी."

"नळ ऐकलात, की त्यांना पाहिलंत?"

पद्मावतीनं भाऊसोकडं पाहिलं.

"काकू, नीट ऐका. मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे माझ्याकडं. पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सहाला ते चालते-बोलते होते असं तुम्ही खात्रीनं सांगितलंत तर मी आत्ता देते. ते खरं नसेल, आणि रात्रीपासूनच असे असतील, तर त्याच इंजेक्शननं डोक्यात रक्तस्राव होऊन ते जातील. अंदाज नको मला."

वरच्या मजल्यावरच्यांचा नळही त्याच भिंतीतून वाजतो, हे पद्मावतीला तेव्हा आठवलं. "बघितलं न्हाय," ती म्हणाली.

"मग रात्री? झोपताना काय बोलले?"

"काय न्हाय."

"काहीच नाही?"

"आम्ही बोलत नव्हतो," पद्मावती म्हणाली. "रविवारपास्नं."

भाऊसो शेजारीच उभा होता. तो खाली बघायला लागला.

डॉक्टरनं हातातली फाईल मिटली. मग म्हणाली, "ठीक आहे. मग मेंदूलाच विचारू." आता अशा पेशंटसाठी एमआरआय करतात, तिनं सांगितलं; इजा ताजी आहे की जुनी ते त्यात बऱ्याचदा कळतं, आणि ताजी दिसली तर वेळ माहीत नसतानाही इंजेक्शन देता येतं. पद्मावती एमआरआयच्या बंद दारासमोर उभी राहिली. ताजी असू दे, एवढंच ती म्हणत होती.

ताजी नव्हती. मेंदूच्या डाव्या भागात, बोलण्याच्या जागेवर, डाग पक्का उमटला होता. मांडीतून तार घालून गाठ काढतात तेही जमण्यासारखं नव्हतं. गाठ फार पुढच्या बारीक फांदीत होती.

दवाखान्यात अकरा दिवस गेले. विम्याचा हप्ता दोन वर्षांपूर्वी चुकला होता, त्यामुळं अनेकांतनं घरासाठी साठवलेले पैसे भरले आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सातव्या दिवशी पहाटे पद्मावती खाली बाकावर बसली होती. नर्स पळत आली. "काकू, चला, काका बोलतायत!"

ती जिना धावत चढली. श्रीपाल छताकडं बघत म्हणत होते, "णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं, णमो आयरियाणं..." स्वच्छ, न अडखळता, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात. सगळा णमोकार मंत्र पूर्ण झाला. पद्मावती रडत त्यांच्या छातीवर वाकली.

"अहो, पाणी देऊ? पाणी म्हणा."

श्रीपालांनी तोंड उघडलं. ओठ हलले. चेहरा लाल झाला. काही आलं नाही.

बोलणं शिकवायला मोना नावाची मुलगी यायची. तिनं समजावलं की जन्मभर म्हटलेलं, पाठ असलेलं मेंदूत दुसरीकडं साठलेलं असतं. ते आपोआप बाहेर पडतं. मनातलं काही शब्दात बांधून सांगायचं ते यंत्र वेगळं, आणि ते मोडलंय. "पहिल्या सहा महिन्यांत जास्त सुधारणा होते. नंतरही होते, पण हळू."

सहा महिन्यांत श्रीपाल काठी घेऊन, पाय ओढत संडासपर्यंत जायला लागले. उजवा हात मुठीत वळलेलाच राहिला. आणि एक शब्द परत आला: "व्हय."

पहिल्यांदा तो आला तेव्हा सोनलनं जयसिंगपूरहून पेढे आणले. मग हळूहळू कळलं, की ते सगळ्यालाच व्हय म्हणतात. मोनानं पद्मावतीला एक युक्ती शिकवली. काही महत्त्वाचं विचारलंत की पाठोपाठ एक उलटा प्रश्न विचारायचा. त्यालाही व्हय आलं, तर पहिलं उत्तर धरायचं नाही.

दुकान बंदच राहिलं. शेवटी मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एकाला भाड्यानं दिलं. झेरॉक्सचं मशीन दोन माणसांनी उचलून टेम्पोत घातलं तेव्हा श्रीपाल खिडकीत होते. त्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं ताट उडवलं. नंतर कितीतरी दिवस ते उगीचच रडायचे. डॉक्टरनी त्यासाठीही एक गोळी वाढवली. आता दिवसाला सहा गोळ्या होतात. पद्मावती त्या कुटून गुळाच्या पाकातून देते आणि ते मुकाट्यानं तोंड उघडतात.

सहा महिन्यांच्या तपासणीला डॉक्टर सरनाईकनी तिला थांबवून घेतलं. पेशंट दवाखान्यात उशिरा का पोचतात यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. समोर छापील फॉर्म होता.

"गाव लांब होतं का?"

"न्हाय."

"गाडी मिळाली नाही? आधी दुसरीकडं कुठं दाखवलं? पैशाची अडचण?"

"न्हाय. न्हाय."

"लक्षणं ओळखता आली नाहीत?"

"बघितलंच न्हाय तर वळकणार कशी?" पद्मावती म्हणाली. "लिवा की. नवराबायकोत अबोला होता म्हणून."

डॉक्टरनी पेन उचललं, ठेवलं. "यात तसा रकाना नाही काकू." मग त्यांनी 'इतर' समोर खूण केली. "बीपीच्या गोळ्या घेतल्या असत्या तर बहुतेक ही वेळ आली नसती. त्यांनी सोडल्या होत्या, तुम्ही नाही."

पद्मावतीनं मान हलवली. हे तिला सोनलनं सांगितलं होतं, अनेकांतनं सांगितलं होतं, भाऊसोनंही रिक्षातून नेता-आणताना सांगितलं होतं. तिला टोचत होतं ते वेगळंच, आणि ते ती कुणाजवळ बोलली नव्हती.

भाद्रपदात क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन घरांत थोरा-मोठ्यांपासून सगळे एकमेकांची क्षमा मागतात. शेजारीपाजारी येऊन गेले, फोन येऊन गेले. दुपारी घर रिकामं झालं. पद्मावती श्रीपालांच्या खुर्चीसमोर खाली बसली आणि त्यांचा वळलेला हात तिनं मांडीवर घेतला.

"उत्तम क्षमा," ती म्हणाली. "एक विचारते. त्या दिवशी मी देवळाला निघाले, दार आपटलं, तेव्हा तुम्ही जागे होता?"

श्रीपाल तिच्याकडं बघत राहिले.

"मला हाक मारत होता?"

"व्हय," ते म्हणाले.

तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मग तिनं विचारलं, "तुमचं नाव केरबा हाय?"

"व्हय."

"आज मुंबईला जायचंय आपल्याला?"

"व्हय."

तिनं त्यांची बोटं एकेक करून सरळ केली. सोडली की ती परत वळत होती. पुन्हा तो प्रश्न तिनं कधी विचारला नाही.

दिवाळीनंतर दिवस लहान झाले. श्रीपाल सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नसत. तरुणपणी घेतलेला नियम होता तो, आणि दुकानात कितीही गर्दी असली तरी त्यांनी पाळलेला. आता घास गिळायला वेळ लागायचा, ठसका लागायचा. एका जेवणाला तासाच्या वर जायचा. म्हणून पद्मावती साडेचारलाच ताट घेऊन बसायची. मऊ भात, कुस्करलेली भाकरी, पातळ आमटी.

मार्गशीर्षात एक दिवस सोनलचा फोन लांबला आणि ताट घ्यायला पाच वाजून गेले. बरंचसं जेवण झालं असेल, तोवर सूर्य मावळला. समोरच्या क्लासच्या पाटीवरचे दिवे लागले. श्रीपालांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. पद्मावतीनं पुढचा घास त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"चार घास राहिल्यात फक्त," ती म्हणाली. "गोळ्या घ्यायच्यात, अर्ध्या पोटी चालत न्हाय. आजारी माणसाला सगळं माफ असतंय."

त्यांनी डावा हात उचलला आणि तिचं मनगट धरलं. जोर नव्हता फारसा. घास खाली ताटात जाईपर्यंत सोडलं नाही.

पद्मावतीनं त्यांचं तोंड पुसलं, पाकातल्या गोळ्यांची वाटी बाजूला झाकून ठेवली, आणि ताट घेऊन आत गेली. स्वतःचं तिनंही वाढून घेतलं नाही.