घरात माणूस आहे

बाबांची तेरवी आटोपली, नागपूरचे पाहुणे परत गेले आणि दुसऱ्याच दिवशी आईनं बाबांच्या चपला धुऊन-पुसून दाराबाहेर मांडल्या. मला वाटलं, कुणाला तरी देऊन टाकायच्या असतील.

"देऊन काहून टाकू?" ती म्हणाली. "बाहेर माणसाच्या चपला दिसल्या का चोर आत पाय टाकत नाही."

रडायचं ते तिनं तेरा दिवसांत रडून घेतलं होतं असं मी समजत होते, म्हणून मी वाद घातला नाही. नवं राज्य होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं आणि आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातही रोज नवी माणसं दिसू लागली. जिथं आधी इस्पितळ होतं तिथं मंत्रालय बसलं, आणि त्याच सरकारच्या एका नव्या खात्यात मी कारकून म्हणून लागले होते. गल्लीतल्या जुन्या लोकांनी घरं भाड्यानं देऊन टाकली, खाली दुकानं काढली. समोरच्या घरी कोण राहतं हे ज्याला त्याला ठाऊक असायचं, ते दिवस संपले. पेपरात रोज कुठं ना कुठं घरफोडी. कुणी चॅनल गेट बसवलं, कुणी खिडक्यांना दुहेरी गज ठोकले. आमच्या शेजाऱ्यांनी 'कुत्र्यापासून सावधान' अशी पाटी लावली होती, आणि त्यांच्याकडं साधं मांजरसुद्धा नव्हतं.

आईनं मात्र लोखंडावर भरवसा ठेवला नाही. तिनं घरात नवरा ठेवला.

हे काम ती फार मन लावून करायची. चपला रोज थोड्या हलवायची, कधी सरळ, कधी एक पालथी, म्हणजे माणूस आत्ताच आत गेलाय असं वाटावं. दिवसाआड बाबांचा एक धुतलेला शर्ट पुन्हा भिजवून दोरीवर टाकायची. दारासमोर बाबांची स्कूटर उभी असायची, पुढच्या चाकातून खिडकीच्या गजाला साखळी आणि कुलूप. मला गियरची गाडी येत नव्हती, तरी दर रविवारी सकाळी मी ती स्टँडवरच किक मारून दहा मिनिटं चालू ठेवायची, गल्लीला आवाज गेला पाहिजे, असं ठरलं होतं. शेजारणी म्हणायच्या, ताई, पेट्रोल जाळून काय मिळते? आई म्हणायची, झोप मिळते.

आणि दारावर कुणी आलं, गॅसवाला, भंगारवाला, साबण विकणारी पोट्टी, की आई आतल्या रिकाम्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायची, "अजी सुनते हो? गैसवाला आया है!" मग जरा थांबून, दाराकडं वळून, "आ रहे हैं, नहा रहे हैं।"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. बाबा रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं होते, त्यांना कधी कुणी 'अजी' म्हटलं नसेल, आईनं तर नाहीच. "जिवंतपणी 'अहो' आणि आता 'अजी'?" मी म्हटलं.

"चोराले मराठी समजते का?" आई म्हणाली, आणि ती पण हसली. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच.

असं पाच-सहा महिने चाललं. मीही त्या नाटकात सामील झाले. मग एक दिवस ऑफिसात वीज गेली म्हणून दुपारीच सोडलं. घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. आई स्वयंपाकघरात होती, दारावर कुणी नव्हतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि आई बोलून राहिली होती.

"अहो, वांगं भाजून करू का भरून?"

मराठीत. हळू, घरातल्या माणसाशी बोलतात तशी. थोडा वेळ गेला. सुरी थांबली होती. मग ती म्हणाली, "बरं. भाजते मग."

मी पावलांचा आवाज न करता बाहेर गेले, दार ओढलं आणि कडी वाजवली. त्या संध्याकाळी ताटात भाजलेलं वांगं होतं. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी पण त्याच घरात होते. मला कुणी विचारत नव्हतं, वांगं कसं हवं म्हणून.

तेव्हापासून मी तिच्या मागं लागले की हे घर सोडू. समता कॉलनीत एक फ्लॅट भाड्यानं मिळत होता, गेटवर चौकीदार, दाराला आतून दोन कड्या. मी चोरांचं कारण पुढं केलं. गल्लीत कोण येतं-जातं कळत नाही, मी दिवसभर ऑफिसात, तू एकटी. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "एकटी कुठं? घरात माणूस आहे." हे ती चेष्टेत म्हणायची की कसं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नसे. तिला त्या घरातून काढली तर तो माणूस तिथंच राहणार हे आम्हां दोघींना माहीत होतं, म्हणून तो विषय आम्ही कधी पुरता बोललोच नाही.

उन्हाळ्यात आमच्या खात्यात कामाचा ढीग पडला, रविवारीही जावं लागलं. स्कूटरला किक मारायची राहिली. एक रविवार, दोन, मग मी मोजणंच सोडलं. आई दोनदा म्हणाली, गाडी चालू कर. मी म्हटलं, हव, करते. मागच्या चाकाची हवा गेली. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ सगळ्या शहरावर बसते, ती सीटवर इतकी बसली की बोट लावलं तर रेघ उमटावी. ती गाडी कोणी चालवत नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

एका मंगळवारी भर दुपारी आई भाजी आणायला अर्धा तास बाहेर गेली, आणि आली तर गाडी नाही. गजाला साखळी तेवढी लटकत होती. तिनं शेजारून ऑफिसात फोन केला. मी आले तेव्हा समोरच्या मोबाइल रिचार्जच्या दुकानाचा मालक आमच्या ओट्यापाशी घाम पुसत उभा होता. तो नवं राज्य झाल्यावर बाहेरगावाहून आलेला, दुकान टाकून चार महिने झालेले. त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

दोघं जण आले, तो सांगू लागला. हातात पाने, कपड्यांना ऑइल, मेकॅनिकच वाटले. एकानं चाक दाबून पाहिलं. मग बंद दारापाशी जाऊन मोठ्यानं म्हणाला, "भाईसाहब, चाबी नहीं मिल रही तो ताला काट देते हैं। शाम तक गाड़ी बन जाएगी।" कुलूप तोडलं आणि गाडी ढकलत घेऊन गेले.

"दाराले बाहेरून कुलूप होतं," मी म्हटलं, मग तेच हिंदीत म्हटलं. "आपने देखा नहीं?"

"दीदी, ध्यान नहीं गया," तो म्हणाला. "मैंने सोचा भाईसाहब अंदर सो रहे होंगे। माताजी रोज आवाज़ देती हैं न उनको। मुझे लगा बीमार रहते हैं।"

आई त्याच्याकडं बघत राहिली. चोर फसला नव्हता. फसला होता तो हा भला माणूस, ज्यानं एरवी नक्की हटकलं असतं.

पोलीस ठाण्यात जायला आई माझ्याबरोबर निघाली. मी नको म्हटलं होतं. टेबलामागच्या हवालदारानं गाडीचे कागद उलटेपालटे केले. नंबर अजून एमपीचाच, नाव बाबांचं.

"ये कौन हैं?"

"मेरे मिस्टर," आई म्हणाली.

"तो इनको भेजिए। गाड़ी इनके नाम पे है, साइन इन्हीं का लगेगा।"

"ड्यूटी पे हैं," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "आएँगे।"

हवालदारानं मान हलवली आणि संध्याकाळी पाठवा म्हणाला. कागद परत द्यायला त्यानं हात पुढं केला. मी ते घेतले असते तर आम्ही घरी आलो असतो आणि काहीतरी मार्ग काढला असता. पण मी उन्हातून धावत आले होते, माझी रजा कापली जाणार होती, आणि वर्षभर मनात साठलेलं एकदम तोंडात आलं.

"नहीं आएँगे," मी म्हटलं. "वो नहीं रहे। डेढ़ साल हो गया।"

हवालदारानं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तो पहले बताना था न," तो म्हणाला, आणि नव्या ओळीवर बाबांच्या नावाआधी 'स्व.' असं लिहिलं. आईनं वाकून ते वाचलं. सही तिनंच केली, तिनं केलेली चाललीसुद्धा.

रिक्षात तिनं गाडीचे कागद घडी घालून पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "मले माहीत नव्हतं असं वाटलं का तुले?"

मी म्हटलं, "नाही, आई."

"मग सांगाची एवढी घाई काहून झाली?"

मला तिला जागं करायचं होतं असं मी पुढं लोकांना सांगितलं, पण त्या टेबलाशी मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं आहे.

गाडी सापडली नाही. पुढच्या महिन्यात मी भीत भीत समता कॉलनीचा विषय काढला, तर आई म्हणाली, "चाल." कारण विचारलं नाही, अट घातली नाही. बाबांचे कपडे तिनं स्वतःच गाठोडं बांधून कामवालीला देऊन टाकले.

सामान घेऊन गेलो त्या दिवशी गेटवरच्या चौकीदारानं रजिस्टर उघडलं. फ्लॅट नंबर लिहिला आणि विचारलं, "घर में कितने लोग हैं?"

मी काही बोलायच्या आत आईनं उत्तर दिलं. "दो। दोनों औरतें। और कोई नहीं।"

वर्षभर मला जे हवं होतं ते हेच, आणि मला तिथंच, त्या अनोळखी माणसासमोर रडू कोसळलं. आईनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि चौकीदाराला जिना कुठल्या बाजूला आहे ते विचारलं.