परब मॅडम आणि मानवी चूक

परब मॅडमच्या टेबलाखाली बर्फाच्या पाण्याची बादली असायची. बर्फ मासळी बाजारातून यायचा, त्यामुळे आमच्या विभागाला कायम बोंबलाचा पुसटसा वास असे. कोणी नवीन भागाचं डिझाइन करून आणलं, की त्याकडे बघायच्याही आधी त्या पायाने बादली पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "हात घाल." बोटं बधिर होईपर्यंत हात पाण्यात ठेवायचे, त्यावर जाड रबरी मोजे चढवायचे, डोळे मिटायचे आणि आपण डिझाइन केलेला भाग आपणच यंत्राला लावून दाखवायचा. बहुतेकांना जमत नसे. एकदा एकाने कुरकुर केली, की मॅडम, आपल्याकडचं पाणी कुठे इतकं गार असतं? "धरणाच्या तळाला जाऊन ये," त्या म्हणाल्या, "मग आपण बोलू."

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी लहान होती. पाणबुड्यांची उपकरणं दुरुस्त करता करता ती स्वतःचं एक यंत्र बनवू लागली होती. साधा पाणबुडा पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेतो आणि उच्छ्वास पाण्यात सोडतो, त्याचे बुडबुडे वर येतात. आमच्या यंत्रात बुडबुडे नसत. सोडलेला श्वास नळीतून पाठीवरच्या डब्यात जाई. त्या डब्यातला चुना श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेई, मग त्यात थोडा ऑक्सिजन मिसळून तोच श्वास पुन्हा तोंडाशी येई. "आपला धंदा चुन्याचा आहे," मॅडम नव्या माणसाला सांगायच्या, "पण लोकांना चुना लावायचा नाही."

मी परांड्याहून आले होते. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील शाळेत शिपाई होते आणि मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांच्या घरी पेढे नेऊन दिले होते. मुलाखतीत मॅडमनी मला एकच वेगळा प्रश्न विचारला, पोहता येतं का. मी घाबरत घाबरत 'नाही' म्हणाले. समुद्रसुद्धा मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिला होता. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "पोहणाऱ्याची पाण्याची भीती मेलेली असते. मला इथे भिणारी माणसं हवीत." त्या एका वाक्याने मला मुंबईत जागा दिली, आणि त्याचं ऋण मी आजही मानते.

आमच्या शाळेच्या भिंतीवर 'सावध तो सुखी' असं लिहिलेलं होतं आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. लक्ष देऊन काम केलं की चूक होत नाही, मी शिकून इथवर आले ती त्याच जोरावर, असं मला वाटे. सुरुवातीच्या दिवसांत मॅडम मला परदेशातल्या अपघातांची वर्णनं वाचायला देत. एका पाणबुड्याकडून झडप उघडायची राहून गेली आणि तो गेला. मी म्हटलं, त्याने नीट तपासायला हवं होतं. मॅडम चहा पीत होत्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "माणूस विसरणारच, हे धरून चाल. कधीच न विसरणारा माणूस मिळाला तर त्याला पाण्यात कशाला पाठवायचा? देव्हाऱ्यात बसव."

त्यांचा राग हा आमच्या मजल्यावरचा रोजचा विषय होता. यंत्रातली प्रत्येक गैरसोय त्या स्वतःचा अपमान झाल्यासारखी मनावर घ्यायच्या. ऑक्सिजन मोजणारे तीन सेन्सर असतात आणि दोघांचं जुळलं तर तिसऱ्याला खोटा ठरवायचं, असा यंत्राचा नियम होता. तीनही एकाच दिवशी बसवले की एकदमच म्हातारे होतात, मग दोन म्हातारे मिळून चुकीचं सांगतात आणि खरं सांगणाऱ्याला गप्प बसवतात. "आमच्या सोसायटीची मीटिंग आहे ही," मॅडम म्हणायच्या. धोक्याच्या सूचनेसाठी कोणी स्टिकर सुचवला, की त्या नखाने तो खरवडूनच काढायच्या. "स्टिकर म्हणजे काय माहितीये? यंत्राने झटकलेले हात."

लोक म्हणत, हिचं कोणीतरी बुडालेलं असणार, त्याशिवाय बाई इतकी पेटणार नाही. मी एकदा धीर करून विचारलंही. त्यांचं कोणीही बुडालेलं नव्हतं. वडील गिरणीतून निवृत्त होऊन सावंतवाडीकडच्या गावी सुखाने सुपारी कातरत बसलेले होते. "राग यायला घरातलं मढं कशाला लागतं गं?" त्या म्हणाल्या. "चुकीचं दिसतंय, तेवढं पुरत नाही?"

यंत्राची चाचणी डॉमनिक करायचा. गोराईचा माणूस, घरचा मासेमारीचा धंदा सोडून पाणबुडा झालेला. अंगाने दणकट, बोलायला गमत्या. मॅडमचा त्याच्यावर जीव होता, आणि तो एकटाच त्यांची चेष्टा करू शकत असे. बर्फाची बादली दिसली की विचारायचा, "मॅडम, आज पापलेट आहे की नुसतं पाणी?"

एक दिवस चाचणीच्या टाकीत खाली गेल्यावर त्याचा श्वास फुलू लागला. डोकं ठणकायला लागलं. अशा वेळी तोंडातली नळी काढून जवळच्या साध्या सिलिंडरची नळी तोंडात घ्यायची असते, पण धाप लागलेल्या माणसाला तेवढा क्षणही तोंड मोकळं सोडवत नाही. त्याच्याबरोबर उतरलेल्या दुसऱ्या पाणबुड्याने त्याला ओढून वर आणला, म्हणून तो वाचला. यंत्र उघडल्यावर कारण लगेच समजलं. चुन्याच्या डब्याच्या झाकणात एक रबरी रिंग बसते. डॉमनिकने ती धुवायला काढली होती आणि परत लावायची राहिली होती. धुण्याच्या ट्रेमध्ये ती तशीच पडलेली सापडली. रिंग नसल्यामुळे डॉमनिकचा श्वास चुन्यातून न जाता कडेने निसटत होता, आणि आपणच सोडलेली वाईट हवा तो पुन्हा पुन्हा आत घेत होता.

अहवालात कारण लिहिलं गेलं, मानवी चूक. खाली डिझाइन प्रमुख म्हणून मॅडमची सही हवी होती. त्या सहीनिशी डॉमनिकचं काम जाणार होतं, आणि नुसतं इथलं नाही. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. निष्काळजी ठरलेल्या पाणबुड्याला दुसरं कोणी पाण्यात उतरवत नाही.

मॅडमनी डॉमनिकला बोलावून सरळ विचारलं. तो म्हणाला, "लावली होती असं वाटतंय मॅडम. पण शपथ घालू नका." त्या म्हणाल्या, "विसरलास तू. मी पण विसरले असते." काळ्या झाकणात काळी रिंग, असली काय नि नसली काय, दिसायला सारखंच. आणि रिंगेशिवायही झाकण व्यवस्थित बसत होतं, हे त्यांना सर्वांत जास्त लागलं. दिवसभर त्या मिळेल त्याला ऐकवत होत्या, की घरात कुकरची रिंग राहिली तर शिटी होत नाही, वाफ कडेने फुसफुसते, भातसुद्धा ओरडून सांगतो. भात कच्चा राहू नये एवढी काळजी कुकर करणाऱ्याने घेतली. आपण माणसासाठी तेवढी घेतली नाही.

डायरेक्टर साहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब दुष्ट नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, की झाकण बदलायचं तर साचा बदलावा लागेल, आणि गिऱ्हाईक थांबणार नाही. तोवर झाकणावर लाल स्टिकर लावू, 'रिंग तपासा' असा.

सोबत आणलेलं यंत्र मॅडमनी टेबलावर ठेवलं, डबा उघडला, झाकणातली रिंग काढून सगळ्यांना दिसेल अशी पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवली आणि झाकण परत लावलं. कट्ट असा आवाज होऊन ते बसलं. मग पाण्यात उतरण्यापूर्वी करायच्या सगळ्या तपासण्या त्यांनी आमच्यासमोर केल्या. गळती आहे का पाहिली, नव्हती. गळती बाहेर असते तेव्हा सापडते, ही आतल्या आत होती. पडद्यावर हिरवा दिवा लागला, म्हणजे यंत्र तयार. मॅडमनी नळी साहेबांपुढे धरली.

"घ्या साहेब. यंत्र म्हणतंय सगळं ठीक आहे. पंधरा मिनिटं श्वास घ्या."

साहेबांनी हात पुढे केला नाही. "तुम्हाला टेबलावरची रिंग दिसतेय म्हणून घेत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याला दिसली नव्हती."

त्यानंतर साहेबांनी एक तोड काढली. अहवालात 'मानवी चूक' खोडून 'कारण निश्चित नाही' असं लिहू. डॉमनिक कामावर राहील. मॅडमनी फक्त स्टिकरवालं झाकण मंजूर करावं.

मला वाटलं, त्या मान्य करतील. माझ्या जागी बसून मला ते योग्यच वाटत होतं, एका माणसाचं घर वाचत होतं. मॅडम त्या रिंगेकडे बोट करून म्हणाल्या, "कारण निश्चित आहे, साहेब. तुमच्या ग्लासाजवळ आहे." त्यांनी कशावरच सही केली नाही. 'मानवी चूक' तशीच ठेवून अहवालावर दुसऱ्या कोणाची तरी सही घेतली गेली. डॉमनिकला काढलं. त्याच आठवड्यात मॅडमनी राजीनामा दिला.

रविवारी त्या मला घेऊन बोरिवलीहून फेरीने गोराईला गेल्या. डॉमनिकने बसायला खुर्च्या दिल्या, नेहमीसारखी काहीतरी गंमत करायला बघितलं. त्याची बायको फिलोमिना दारातच उभी राहिली. तिने चहा विचारला नाही.

"एक सही तर होती ना, मॅडम?" ती म्हणाली. "तुमचं तत्त्व राहिलं. आमचं काम गेलं."

डॉमनिक तिला गप्प बस म्हणाला. मॅडम म्हणाल्या, बोलू दे तिला.

"अगं, सही केली असती तर सोमवारी मी परत त्याच झाकणाच्या भरवशावर खाली गेलो असतो," डॉमनिकने समजावलं.

"तर रिंग लावून गेला असतास," फिलोमिना म्हणाली.

निघताना मॅडम फिलोमिनाला एवढंच म्हणाल्या, की तुझा राग बरोबर आहे, मी त्याला काम मिळवून देते. फिलोमिनाने मान वळवली.

फेरीत मी म्हटलं, तिने असं बोलायला नको होतं. मॅडम माझ्यावरच उखडल्या. "तिने का नको? तिचं बरोबर आहे, माझंही बरोबर आहे. मग दोन बरोबर बायका एकमेकींसमोर उभ्या केल्या कोणी? एक झाकण बदला म्हटलं, तर त्यांनी माणूस गहाण मागितला. राग त्याचा धर."

पुढचे कित्येक दिवस त्या फोन करत होत्या. ओळखीच्या प्रत्येक ठिकाणी त्यांचं वाक्य एकच असे, "चूक माझ्या झाकणाची होती, त्याची नाही." माझ्या झाकणाची, असं त्या म्हणायच्या. ते झाकण त्यांच्या विभागात, त्यांच्या हाताखालच्या माणसाने आखलं होतं आणि तेव्हा त्यांनी ते मंजूर केलं होतं, हे त्यांनी कधी लपवलं नाही. शेवटी एका बंदरात जहाजांचे तळ घासायचं काम डॉमनिकला मिळालं. साध्या सिलिंडरवर, बुडबुडे सोडत. जे यंत्र त्याच्याइतकं फार थोड्यांना येत होतं, ते त्याच्या हातून सुटलं ते सुटलंच.

मीही नंतर नोकरी बदलली. मॅडम आजारी पडल्या तेव्हा जोगेश्वरीला त्यांच्या घरी अधूनमधून जात असे. एकदा जुन्या कंपनीच्या नव्या यंत्राची जाहिरात मी त्यांना मोबाइलवर दाखवली. झाकण बदललं होतं. रिंग आता भडक केशरी होती, आणि ती नसेल तर झाकण बसतच नाही, असं त्यात अभिमानाने सांगितलं होतं. मला वाटलं, मॅडमना आनंद होईल. त्यांनी चष्मा लावला, चित्र मोठं करून करून पाहिलं. आजारपणात त्या मध्येच मालवणीत बोलू लागल्या होत्या.

"झाकण बरा केल्यानी," त्या म्हणाल्या. मग फोन माझ्या हातात परत देत, "आणि डॉमनिकाक कळयल्यानी?"

कळवलं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडून साहेबांना फोन लावून घेतला. साहेब आदराने बोलले, तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाले, ती जुनी गोष्ट आता मिटली आहे. "मिटली कशी?" मॅडमच्या आवाजात तेव्हा फारसा जोर उरला नव्हता. "मिटवायला आधी कबूल करावी लागते." साहेबांनी मीटिंग असल्याचं सांगून फोन ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. अंत्यदर्शनाला डॉमनिक आला होता आणि फिलोमिनाही आली होती. ती मागे भिंतीशी उभी राहिली आणि सगळे निघेपर्यंत तिथून हलली नाही.

तो अहवाल कंपनीत अजून तसाच आहे. यंत्र दुरुस्त झालं, कागद झाला नाही. डॉमनिकच्या नावापुढे आजही 'मानवी चूक' हेच शब्द आहेत. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि ते शब्द खोटे आहेत असं मला म्हणवत नाही. झाकण माणसांनीच आखलं होतं, साच्यातला बदल माणसांनीच अडवून धरला होता, तो स्टिकरही माणसांनाच सुचला होता. चूक मानवीच होती. कंपनीने माणूस तेवढा भलताच धरला.