शालीखालचा पट्टा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती – ती शेजारच्याच सीटवर होती.

मी चौथी शिकलेला. पण अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली. कुठलंही मशीन अडलं की साहेब मलाच हाक मारायचे. हे आधी का सांगतोय? पुढचं बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून.

मुलीकडे कोलकात्याला निघालो होतो. विमानात पहिल्यांदाच. पहिल्याच रांगेत जागा. बायकोने बसल्या बसल्या विमानात काम करणाऱ्या पोरीला विचारलं, "बाळा, हा पट्टा कसा लावायचा गं?" पोरगी मराठी होती. हसत लावून दिला.

मी बायकोला म्हणालो, "अडाणी ती अडाणीच."

आणि मग माझा पट्टा – लागेना. पलीकडच्या रिकाम्या सीटचं टोक धरून बसलो होतो, हे मागाहून कळलं. आता विचारणार कुणाला? आणि कोणत्या तोंडाने? दोन्ही टोकं मांडीवर घेतली, वर शाल टाकली. पोरगी तपासत आली. म्हणालो, "लावलाय."

तासाभराने, चांगल्या लख्ख उन्हात, विमान खडखडायला लागलं. त्यांनी चहाची गाडी घाईने मागे ढकलली. पोरगी आमच्या समोरच्या घडीच्या सीटवर स्वतःला बांधून बसली, आमच्याकडे तोंड करून. मग विमान एकदम खाली गेलं. मी वर उचललो गेलो, शाल उडाली. तिने पाहिलं.

"काका, पट्टा!"

स्वतःचे पट्टे सोडून ती आली. एका हाताने सीट धरली, दुसऱ्या हाताने माझा पट्टा अडकवला. तेवढ्यात दुसरा दणका. ती छताला आपटली आणि हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिच्यासोबत कामाला असलेल्या पोराने रांगत येऊन तिला जमिनीशी दाबून धरलं, विमान शांत होईस्तोवर.

मग त्यांचा मोठा माणूस कागद घेऊन आला. पट्टे सोडून का उठलीस, म्हणाला. ती पडल्या पडल्या म्हणाली, "मी विचारलं होतं, सर. काका लावलाय म्हणाले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळी माणसं बघत होती. बायको बघत होती.

मी म्हणालो, "मला कुणी काही विचारलंच नाही."

त्याने लिहून घेतलं. खाली माझी सही घेतली. सही मी झोकात करतो.

पोरीने माझ्याकडे नुसतं बघितलं.

तिचा हात जुळला का? नोकरी राहिली का? जावई म्हणाला होता, फोन करून चौकशी करू. मी म्हटलं, कशाला. आता इकडे अंबरनाथच्या पालेगावात, आमच्या बिल्डिंगखालच्या बाकावर म्हातारे जमले की मी सांगतो – विमान पडत होतं, पण आपण हललो नाही. बायको तिथे असली तर उठून वर जाते.

कोलकात्याला उतरताना तो पट्टा मला सोडवेना. मी तसाच बसून राहिलो. बायकोने वाकून तो सोडला.